पालीचा तलाव आणि पोष ग्रंथीचा हुकूम

बालाघाटच्या डोंगररांगांत उगम पावून बीड शहरातून वाहत जाणाऱ्या बिंदुसरेला पालीजवळ बांध घालून जो जलाशय निर्माण झाला, त्याची हकीकत सांगताना लोक सिंचनाचा आणि शहराच्या पाणीपुरवठ्याचा उल्लेख आवर्जून करतात. ते यथार्थच आहे, कारण निजामशाहीच्या अमदानीतील सलाबतखानाच्या खजाना बावडीपासून या मुलखाचा इतिहास हा मुख्यतः पाण्याच्या विवंचनेचाच इतिहास आहे. परंतु अशा साठवलेल्या पाण्यात मासा कसा आला, हा इतिहास क्वचितच कोणी लिहितो, आणि मला तो तितकाच मोलाचा वाटतो.

मराठवाड्यातील तलावांत जे रोहू, कटला आणि मृगळ हे कार्प मासे सोडले जातात, ते कोंडलेल्या पाण्यात उत्तम वाढतात, ऋतू आला की त्यांचे अंडाशयही भरतात. पण पुराचे वाहते पाणी अंगावरून गेल्यावाचून ते अंडी म्हणून घालीत नाहीत. त्यामुळे दीर्घकाळ मत्स्यबीज गंगेच्या खोऱ्यातील नद्यांतून पुराच्या दिवसांत गोळा करावे लागे, बंगालमधून मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर पाठवावे लागे, आणि त्यात इतर, प्रसंगी हिंस्र, माशांची भेसळ निघे ती निराळीच.

यावर तोड निघाली ती मेंदूच्या बुडाशी असलेल्या पोष ग्रंथीतून. अर्जेंटिनात हूसे यांनी १९३० मध्ये माशांना तिचा अर्क टोचून पाहिला होता. ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी त्याच मार्गाने मत्स्यप्रजनन साधले. पंजाबात हमीद खान यांनी १९३८ मध्ये मृगळावर प्रयत्न केला. भारतीय कार्प माशांच्या बाबतीत निर्णायक यश मात्र हिरालाल चौधरी यांना १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे मिळाले. पक्व माशाची कवटी कापून, मेंदू हलकेच बाजूस सारून, हाडाच्या खोबणीत पातळ पडद्याखाली बसलेली पांढुरकी ग्रंथी अखंड उचलायची, शुद्ध मद्यार्कात ठेवायची, मग वाटून तिचा अर्क काढायचा. मादीला प्रथम दर किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅम, सुमारे सहा तासांनी पाच ते आठ मिलिग्रॅम, आणि त्याच वेळी नराला एकच हलकी मात्रा टोचून दोघांना हाप्यात, म्हणजे पाण्यात ताणलेल्या कापडी पेटीत, सोडायचे. पहाटेपर्यंत हाप्यात अंडी दिसू लागत.

मेलेल्या माशाची ग्रंथी जिवंत माशाला अंडी घालावयास लावते याचे कारण, त्या ग्रंथीच्या पेशींत हॉर्मोन आधीच तयार होऊन साठलेले असते. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात जनुकांचे दफ्तर असते, आणि कोणते पान केव्हा उघडावयाचे हे मेंदूकडून येणाऱ्या हुकमावर ठरते. जननग्रंथींना चेतविणारी हॉर्मोने दोन, प्रत्येकाचे आल्फा आणि बीटा असे दोन भाग. दोन्हींचा आल्फा भाग एकाच जनुकापासून बनतो, अवटू ग्रंथीला चेतविणाऱ्या हॉर्मोनातही बहुधा तोच असतो. वेगळेपण बीटा भागाच्या स्वतंत्र जनुकांत. माशांत मेंदूचे चेतातंतू थेट ग्रंथीत उतरतात. त्यांच्यातून स्रवणारे गोनॅडोट्रोपिन-मोचक द्रव्य पेशीच्या ग्राहीवर बसले की आत कॅल्शियम वाढते, किनेज प्रथिने जागी होतात, आणि केंद्रकातील नियामक प्रथिने बीटा जनुकाच्या प्रवर्तकावर बसून त्याची आरएनए प्रत काढवितात. भरत चाललेल्या अंडाशयातील इस्ट्रोजेनही त्या जनुकाला उत्तेजन देते. इतके होऊनही कार्प माशांत डोपामीन या साठ्याच्या विमोचनास मनाई करते, आणि पुराची चाहूल न लागलेल्या तलावात ती मनाई उठत नाही.

लिन आणि पीटर या संशोधकांनी १९८० च्या दशकात नेमके हेच हेरले. मोचक द्रव्याचे कृत्रिम रूप आणि डोपामीनला अडविणारे डोमपेरिडोन एकत्र टोचले की माशाची स्वतःचीच ग्रंथी आपला साठा मोकळा करते. कवट्या कापण्याची, प्रत्येक ग्रंथीची प्रत जोखण्याची दगदग उरत नाही. मत्स्यबीज केंद्रांत आज बहुधा असलेच तयार औषध वापरतात, आणि तेथले जिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले, वाढून झालेली बोटुकली पावसाळ्यात तलाव भरल्यावर भोयांच्या हवाली होते.