स्वर, चित्र आणि अक्षर : दिल्लीच्या संगीतविषयक नियतकालिकांची मुखपृष्ठे

संगीताला वाहिलेल्या नियतकालिकापुढे एक अडचण जन्मतःच उभी असते. कथेचे मासिक वाचकाच्या हाती कथाच ठेवते. चित्रकलेच्या मासिकाला चित्राची प्रतिकृती का होईना, देता येते. संगीताच्या मासिकाला मात्र आपला मूळ विषय कागदावर आणताच येत नाही. जे कानाने घ्यावयाचे त्याची आठवण डोळ्याला करून द्यावयाची, हे त्याच्या मुखपृष्ठाचे पहिले काम. हे नाद कोणासाठी आहेत हे सांगावयाचे, हे दुसरे. ही दोन्ही कामे चित्रच करते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गायिकेचा चेहरा, तंबोऱ्याचा भोपळा, सतारीवर झुकलेली मान यांनी ग्राहक आकृष्ट होतो, असे आपण धरून चालतो. दिल्लीतून निघालेल्या नियतकालिकांचा इतिहास पाहिला तर या समजुतीत दुरुस्ती करावी लागते. चित्र सर्वांनाच बोलावते. निवड करते ते अक्षर. मुखपृष्ठावरचे नाव, त्या नावाची लिपी, कलावंताच्या नावामागचे उपपद आणि अक्षरांचे वळण यांनी श्रोत्यांचा वर्ग ठरतो. किंबहुना पुष्कळदा तो नव्याने घडविला जातो.

चित्र आणि अक्षर यांची ही कामाची वाटणी छापखान्याबरोबर आली असे नव्हे. रागमालेतील चित्रे, ज्यांचे उत्तम नमुने दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळतात, याच वाटणीवर उभी आहेत. तोडी रागिणी वीणा घेऊन रानात उभी असते आणि तिच्या स्वरांनी भारलेली हरणे तिच्याभोवती जमलेली असतात. हे चित्र निरक्षरालाही समजते. परंतु अशा चित्रांच्या माथ्यावर पुष्कळदा एखादा श्लोक वा दोहा लिहिलेला असतो, आणि तो ज्या लिपीत आहे ती जाणणारालाच पूर्ण अर्थाचा अधिकारी मानले जाते. मात्र ही पाने दरबारी संग्रहासाठी होती. ती रेल्वेच्या पुस्तकविक्रेत्याकडे टांगलेली नसत, आणि त्यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. ती गरज विसाव्या शतकात निर्माण झाली, आणि दिल्लीत ती प्रामुख्याने आकाशवाणीमुळे निर्माण झाली.

जुलै १९२७ मध्ये मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याच महिन्यात तेथून ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे कार्यक्रमपत्र निघाले. लंडनच्या बी.बी.सी.चे ‘रेडिओ टाइम्स’ सप्टेंबर १९२३ पासून चालू होते. त्याचेच नाव येथे उचलले गेले, हे उघड आहे. या नावात यंत्र आहे आणि वेळ आहे, माणूस नाही. ज्याच्या घरी रेडिओ आहे त्याला कोणत्या घटकेला काय लागणार हे कळावे, एवढाच त्याचा दावा होता. २२ डिसेंबर १९३५ पासून हे पत्र ‘द इंडियन लिसनर’ या नावाने निघू लागले. त्याच वर्षी बी.बी.सी.मधून लायोनेल फील्डन हे हिंदुस्थानच्या नभोवाणीचे प्रमुख म्हणून आले होते. बी.बी.सी.च्या ‘द लिसनर’ या १९२९ मध्ये सुरू झालेल्या साप्ताहिकाची छाया या नव्या नावावर स्पष्ट दिसते. दहाच दिवसांनी, १ जानेवारी १९३६ रोजी, दिल्लीतील अलीपूर रोडवरून दिल्ली केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. पुढे २२ ऑगस्ट १९३७ पासून ‘इंडियन लिसनर’चे प्रकाशनही नवी दिल्लीत आले.

नावातला हा बदल दिसावयास किरकोळ, पण अर्थाने मोठा आहे. वेळापत्रकाच्या जागी श्रोता आला. आणि तोही एकवचनी. मुखपृष्ठावर बहुधा एक मोठे छायाचित्र, ठळक इंग्रजी अक्षरांत नाव आणि अंकाची तारीख, अशी साधी मांडणी असे. छायाचित्रात एखादा गवई असला तर त्याचे गाणे ऐकणारे हजारो लोक त्या नगरात होते: मैफलींतले, दर्ग्यांतले, देवळांतले, कोठ्यांवरचे. परंतु वरचे अक्षर म्हणत होते, ‘हिंदी श्रोता’ तो, जो इंग्रजी वाचतो आणि ज्याच्या दिवाणखान्यात परवान्याचा रेडिओ आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी हे संगीत जतन केले त्यांपैकी बहुतेकांना आपल्यालाच उद्देशून असलेले हे संबोधन वाचता आले नसते. श्रोता हा शब्द मुखपृष्ठावर आला, तो असा अर्धा चेहरा झाकूनच.

या उणिवेची जाणीव नभोवाणीला नव्हती असे नाही. इंग्रजी पत्राखेरीज प्रांतोप्रांतीच्या भाषांत पत्रे निघाली. कलकत्त्याचे ‘बेतार जगत’ १९२९ पासून होतेच. मद्रासकडे तमिळ ‘वानोली’ आले. दिल्लीतून उर्दूत ‘आवाज’ आणि हिंदीत ‘सारंग’ अशी दोन पत्रे निघत. उर्दू कवी मजाज हे आरंभीच्या काळात ‘आवाज’चे संपादक होते. या दोन पत्रांच्या मुखपृष्ठांचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप समोर येते. दिल्ली केंद्रावरून सायंकाळी एक ठुमरी लागे. ती एकच असे. तिचे बोलही एकच असत, आणि ते बहुधा ब्रजभाषेचे वा अवधीचे असल्यामुळे हिंदीवाला आणि उर्दूवाला दोघेही त्यांवर सारखाच हक्क सांगू शकत. पण त्या ठुमरीची वार्ता देणारी पत्रे दोन होती. एकाचे नाव उजवीकडून डावीकडे वाचावयाचे, दुसऱ्याचे डावीकडून उजवीकडे. स्वर जेथे एक होता तेथे मुखपृष्ठाने श्रोत्यांच्या दोन रांगा केल्या.

त्या काळात नभोवाणीच्या ‘हिंदुस्थानी’ भाषेवरून चाललेला वाद प्रसिद्ध आहे. दोन्ही बाजूंना रुचेल अशा शब्दांचा कोश तयार करण्याचे काम हिंदीकडून स. ही. वात्स्यायन आणि उर्दूकडून चिराग हसन हसरत यांच्याकडे सोपविले गेले होते. बोललेल्या शब्दांचा कोश निदान कल्पनेत तरी शक्य होता. छापलेल्या शीर्षकाला अशी तडजोड करता येत नाही. लिपी एक तर ही, नाही तर ती. म्हणून बातमीपत्राच्या भाषेपेक्षाही नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर हा भेद अधिक ठसठशीत उमटला.

नावांचे अर्थ पाहिले तर मात्र एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. ‘आवाज’ हे नाव गाणाराकडे बोट दाखविते. ‘सारंग’ हे रागाचे नाव खरे. पण संस्कृतात सारंग म्हणजे हरिणही, आणि आपल्या परंपरेत हरिण हे गाण्याने देहभान विसरणाऱ्या रसिकाचे रूप आहे. तोडीच्या चित्रातले ते हरिणच येथे शीर्षकात येऊन बसले, असे म्हणावयास हरकत नाही. ‘लिसनर’ या परक्या शब्दाने जे सांगावयाचे होते ते देशी परंपरेत आधीपासून होते, आणि अधिक हृद्य रूपात होते. एका पत्राने स्वर घ्यावा, दुसऱ्याने श्रोता, आणि दोघांमध्ये लिपीची भिंत असावी, हा योगायोग त्या काळावरचे भाष्यच वाटतो.

मराठी वाचकाला या लिपीच्या प्रश्नात आपल्याकडच्या कर्तृत्वाचाही वाटा दिसेल. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०५ च्या सुमारास ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक हिंदीत सुरू केले. त्या वेळचे लाहोर हे उर्दूचे शहर होते. तेथे एका मराठी गायकाने नागरी अक्षरांत सूर लिहावयास शिकविले. पं. भातखंडे यांची स्वरलेखनपद्धतीही नागरीतच रूढ झाली. मराठीत आपण ‘स्वरलिपी’ म्हणतो त्या शब्दातच ही गोष्ट सामावलेली आहे. लखनौकडच्या राजा नवाब अलींनी भातखंड्यांची विद्या उर्दूतून मांडली होती, ही गोष्ट आठवली म्हणजे नागरी हाच एकमेव मार्ग नव्हता हे कळते. परंतु शाळा, परीक्षा आणि पाठ्यपुस्तके नागरीच्या बाजूने उभी राहिली. १९३९ मध्ये विनयचंद्र मौद्गल्य यांनी दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापन केले तोपर्यंत संगीताचा शिकाऊ वाचक कोणत्या लिपीत वाचणार हे बरेचसे ठरून गेले होते. मुखपृष्ठाने ज्याला हाक मारावयाची तो वाचक अगोदर शाळेने तयार केला होता.

अक्षराने श्रोता निवडला, तसेच गाणारणीलाही निवडले. ध्वनिमुद्रिकांच्या आरंभकाळात, १९०२ नंतर, तबकडीवरच्या नावामागे ‘मिस’ हे इंग्रजी उपपद लागे आणि पुढे ‘जान’ वा ‘बाई’ असे. रेडिओवर चेहरा नसतो. त्यामुळे गायिकेच्या कुळाचा प्रश्न काही काळ तरी स्वरामागे दडू शकत होता. पत्रिकेत नाव छापले गेले, छायाचित्र आले, की तो प्रश्न पुन्हा पृष्ठभागावर येई. १९४६ मध्ये सरदार पटेल यांच्याकडे नभोवाणी खाते आले. त्यांच्या कारकीर्दीत ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झाले असेल अशा कलावंतांना नभोवाणीची दारे बंद करण्यात आली. त्याचा मुख्य रोख तवायफांच्या परंपरेतील गायिकांवर होता. ज्यांच्या गळ्यावर नभोवाणीने आपली पहिली वर्षे काढली त्यांनाच नावापाशी अडविले गेले. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ मध्ये विवाहानंतर गाण्यापासून दूर झाल्या, आणि १९४९ मध्ये लखनौ केंद्रावरून पुन्हा गाऊ लागल्या तेव्हापासून जगाला बेगम अख्तर म्हणून माहीत झाल्या. गळा तोच होता. छापावयाचे अक्षर बदलले होते.

येथे मराठी आणि उत्तरेकडील कान यांतला फरक नोंदण्यासारखा आहे. मराठीत ‘बाई’ हे आदराचे उपपद आहे. रमाबाई, आनंदीबाई, शाळेतल्या बाई, सगळ्या बाईच. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर या नावांत मराठी वाचकाला यत्किंचितही कमीपणा दिसत नाही. दिल्लीच्या छापील पानावर तीच दोन अक्षरे वेगळा वास घेऊन उतरत. एकाच लिपीतले एकच उपपद दोन भाषांत दोन समाज दाखविते, आणि मुखपृष्ठ रचणाराला हे ठाऊक असावेच लागते.

स्वातंत्र्यानंतर ‘इंडियन लिसनर’ साप्ताहिक झाले, आणि ५ जानेवारी १९५८ रोजी त्याचे नाव ‘आकाशवाणी’ झाले. म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामींनी १९३५ मध्ये आपल्या खाजगी केंद्रासाठी योजलेला हा शब्द आता राष्ट्राचा झाला. त्या वेळी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे होते. शास्त्रीय संगीताचा त्यांचा कैवार आणि चित्रपटगीतांविषयीची त्यांची नापसंती सर्वश्रुत आहे. ‘आकाशवाणी’ हे नाव सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु पुराणातली आकाशवाणी वरून येते. तिला उत्तर देता येत नाही. श्रोता शीर्षकातून गेला आणि त्याच्या जागी वाणी आली. ज्या दशकात नभोवाणीने श्रोत्याची आवड सुधारण्याचे व्रत घेतले त्याच दशकात तिच्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावरून श्रोता हा शब्द पुसला गेला, ही गोष्ट केवळ नामांतराची नाही.

मग तो श्रोता गेला कोठे? १९५२ पासून तो रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकत होता, आणि मुखपृष्ठासाठी चित्रपटाच्या मासिकाकडे वळला होता. दिल्लीतच यूसुफ देहलवी यांनी १९३९ मध्ये सुरू केलेले उर्दू ‘शमा’ होते. त्याच घरातून पुढे हिंदी ‘सुषमा’ निघाले. पुन्हा तीच जोडी: एक चेहरा, दोन लिप्या. फरक एवढाच, की येथे व्यापाऱ्याने दोन्ही गिऱ्हाइकांना सारख्याच आर्जवाने हाक मारली.

दुसऱ्या टोकाला संगीत नाटक अकादमीचे ‘संगीत नाटक’ हे १९६५ मध्ये सुरू झालेले इंग्रजी त्रैमासिक उभे आहे. अकादमी १९५३ मध्ये विधिपूर्वक सुरू झाली होती. तिच्या पत्रिकेला विक्रीवर जगावयाचे नव्हते. त्यामुळे तिच्या बाह्यरूपाला गांभीर्य पत्करणे परवडले. परंतु गांभीर्य हेही एक आमंत्रणच असते. ते अभ्यासकाला ‘हे तुझे’ असे सांगते आणि गवयाच्या घरातल्या मुलाला दाराबाहेर ठेवते.

१९९३ मध्ये अलाहाबादेत अमित सैगल यांनी सुरू केलेले आणि पुढे दिल्लीत आलेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ ही या इतिहासाची अगदी निराळी शाखा. त्याचा वाचक महाविद्यालयीन तरुण. या संगीताच्या जगात वाद्यवृंदांची नावे पुष्कळदा मुद्दाम काटेरी, दुर्बोध अक्षरांत काढलेली असतात. बाहेरच्याला ती वाचता येऊ नयेत आणि आतल्याला पाहताक्षणी ओळखू यावीत, हीच त्यांची योजना. लिपी रोमन, पण तिचे काम ‘आवाज’ आणि ‘सारंग’ यांच्या लिपींहून वेगळे नाही. ती परवलीचा शब्द आहे.

छापील कार्यक्रमपत्रे आता राहिली नाहीत. मे २०२३ पासून नभोवाणी स्वतःला सर्वत्र ‘आकाशवाणी’च म्हणविते, पण त्या नावाची पत्रिका कोणी विकत घेत नाही. २०१० मध्ये टाइम्स समूहाने राजधानीच्या परिसरातून ‘गाना’ सुरू केले. तेव्हापासून मुखपृष्ठ हे दूरध्वनीच्या पडद्यावरच्या नखाएवढ्या चौकोनात मावू लागले. तेथे चित्रच उरले आणि अक्षर हरले, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः अक्षराने आपली जागा फक्त पुढे सरकविली. अशा सेवांत चित्रे दिसण्याच्या आधीच भाषा निवडावयास सांगतात. ‘आवाज’ की ‘सारंग’ हाच तो प्रश्न.

म्हणून मुखपृष्ठांचा इतिहास लिहिणाराने केवळ चित्रकारांची नामावळी देऊन थांबू नये. तोडीच्या चित्रातली हरणे लिपी विचारून जमली नव्हती. स्वर ज्यांना एकत्र आणतो त्यांना अक्षर कोठे वेगळे करते, आणि त्या वेगळेपणाची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब हाच त्या इतिहासाचा खरा विषय होय.