भस्मासुर गेला कुठे?

मंडळी, जगाची लोकसंख्या पुढे घटणार म्हणून मोठमोठी माणसं काळजीत आहेत, हे वाचून आमच्या पिढीला गंमत वाटते. 'लोकसंख्येचा भस्मासुर' हा निबंध मी वर्षानुवर्षं मुलांकडून लिहून घेतला आहे!

या कथेतलं एक मोठं नाव आपल्या कोकणातलंच. रघुनाथ धोंडो कर्वे १८८२ साली मुरुडला जन्मले. (हे मुरुड दापोलीकडचं, आमचं जंजिऱ्याचं नव्हे.) १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. मूल केव्हा आणि किती, हे बाईला ठरवता यावं, यासाठी एवढा खटाटोप.

सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजन हाती घेतलं. पुढे लाल त्रिकोण आला आणि आणीबाणीत सक्तीही आली. मी तेव्हा कुलाबा जिल्ह्यात नवा शिक्षक होतो. (रायगड हे नाव १९८१ चं.) नसबंदीच्या 'केसेस' आणायचं काम आम्हा मास्तरांच्याही गळ्यात पडलं. मास्तर येताना दिसला की पुरुष मंडळी होडीकडे पळत! महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं.

१९७७ नंतर सक्ती गेली, पण जननदर उतरतच राहिला. का बरं? माझी आई आठ वेळा बाळंत झाली, आम्ही पाच जगलो. १९७१ साली देशात हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला. झालेलं मूल जगेल अशी खात्री वाटू लागली, मुली शाळेत टिकल्या, आणि पाळणे आपोआप कमी झाले. महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत १.७. लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतात.

शेजारचा रत्नागिरी जिल्हा २००१ ते २०११ या काळात सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला. यात मुंबईची वाट धरणाऱ्यांचा वाटा मोठा. आपला रायगड पनवेलच्या जोरावर वाढला खरा. पण ज्या गावात तरुण जोडपंच नाही, तिथे पाळणा हलणार कसा? २०१७ साली राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचं ठरवलं, तेव्हा एका मास्तराला काय वाटलं असेल ते सांगायला नकोच.

आता वारं फिरलंय. तिसरं मूल झाल्यास स्थानिक निवडणूक लढवता येणार नाही, हा नियम आंध्रने २०२४ साली काढून टाकला. दक्षिण कोरिया तर मुलं व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं पैसा ओततोय, तरी २०२३ साली तिथला दर ०.७२!

म्हणून मला वाटतं, जे सक्ती संपल्यावरही घटत राहिलं, ते आता नुसत्या आवाहनाने वाढणार नाही. कर्व्यांनी बाईसाठी जे मागितलं ते तिला उशिरा का होईना मिळालं. ते परत मागू नये. सोय बघायची ती मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची: गावात डॉक्टर, वेळेवर एसटी, जगण्यापुरती पेन्शन.

असो. नात्यातल्या वाचकांना एकच विनंती, सूनबाईला "दुसरं कधी?" असं विचारण्याआधी एवढं आठवावं.