विद्युत सेडान आणि विद्युत क्रॉसओव्हर : निवड

बॅटरीवर चालणारी मोटार घेताना तिच्या बांधणीविषयी करावा लागणारा निर्णय. सेडान म्हणजे बुटकी, लांबट, वेगळी डिकी असलेली मोटार. क्रॉसओव्हर म्हणजे मोटारीच्याच सांगाड्यावर उभारलेली, उंच बैठकीची आणि मागचे दार थेट टपापर्यंत उघडणारी गाडी. कंपन्या हिला सर्रास ‘एसयूव्ही’ म्हणतात, पण रानवाटा तुडवणाऱ्या जुन्या जीपशी तिचे नाते मुख्यतः दिसण्यापुरतेच.

प्रस्तुत नोंद ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतले काशीगाव समोर ठेवून केली आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांजवळचा हा भाग मुंबई-अहमदाबाद महामार्गाला (राष्ट्रीय महामार्ग ४८) लागून आहे. दक्षिणेला दहिसर नाका, उत्तरेला घोडबंदर रोडचा फाटा आणि त्यापुढे वसई खाडीवरचा वर्सोवा पूल. नाक्यावरची कोंडी, घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ आणि पुलापलीकडचा लांब पल्ल्याचा रस्ता, असे तिन्ही प्रकार येथल्या गाडीच्या वाट्याला येतात.

भारतातल्या विद्युत मोटारींत क्रॉसओव्हरच्या आधी सेडान आली. महिंद्राची ई-व्हेरिटो २०१६ ची. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने दहा हजार विद्युत मोटारींची निविदा काढली, तेव्हा टाटाने पुढे केली तीही टिगोर, म्हणजे सेडानच. या गाड्या साहेबांच्या दिमतीला होत्या. घरच्या पैशाने घेणारा गिऱ्हाईक अजून यायचा होता. तो आला २८ जानेवारी २०२० नंतर. त्या दिवशी पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्ही १३.९९ लाख रुपयांपासून विक्रीला आली आणि बाजार क्रॉसओव्हरकडे झुकला तो झुकलाच.

ऑगस्ट २०२१ मध्ये टिगोर ईव्ही नव्या रूपात खासगी ग्राहकांसाठी आली, तीही दोन लाखांनी स्वस्त, ११.९९ लाखांपासून. तिच्या २६ किलोवॅट-तास बॅटरीवर प्रमाणित पल्ला ३०६ किलोमीटर होता. नेक्सॉनला ३१२ किलोमीटरसाठी ३०.२ किलोवॅट-तास लागत होते. नेक्सॉनची मोटर बरीच ताकदवान होती हे खरे. तरी कमी विजेत जवळजवळ तेवढेच अंतर कापणारी गाडी मागे पडली. कारण साधे होते. टिगोरचे पोट जमिनीपासून १७२ मिलिमीटरवर, नेक्सॉनचे २०५ वर, आणि आपल्या रस्त्यांवर हे ३३ मिलिमीटर गिऱ्हाइकाला पल्ल्याच्या आकड्यापेक्षा आधी कळतात.

सेडानची खरी ताकद हवा कापण्यात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. शिवाय तो गाडीच्या घडणीवर आणि समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, आणि उंच गाडी इथेच मार खाते. याचे स्वच्छ उदाहरण बीवायडी कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या दोन गाड्यांत मिळते. सील ही सेडान (२०२४) आणि सीलायन ७ हा क्रॉसओव्हर (२०२५). दोन्हींच्या प्रीमियम आवृत्तीत ८२.५६ किलोवॅट-तासांची बॅटरी, मागच्या चाकांना एकच मोटर. कंपनीने सांगितलेला पल्ला मात्र सीलचा ६५० किलोमीटर आणि सीलायनचा ५६७. चाकणला जोडलेल्या मर्सिडीजच्या गाड्यांतही तेच. ईक्यूएस सेडान १०७.८ किलोवॅट-तासांत ८५७ किलोमीटर सांगते, तर त्याच घराण्यातली सात आसनी ईक्यूएस एसयूव्ही १२२ किलोवॅट-तास घेऊनही ८०९ वरच थांबते.

हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, रस्त्यावर ते दोन्ही बांधणींचे उतरतात. भारतीय चाचणीचक्राच्या शहरी भागात वेग ताशी ५० किलोमीटरपुढे जात नाही आणि दुसऱ्या भागात ९० च्या पुढे नाही. त्यामुळे वेगाने पळणाऱ्या क्रॉसओव्हरला हवा किती महागात पडते, हे जाहिरातीतल्या आकड्यात पुरते उमटत नाही. टाटानेच ४५ किलोवॅट-तासांच्या नेक्सॉनचा प्रमाणित पल्ला ४८९ किलोमीटर सांगून प्रत्यक्ष वापरातला ३५० ते ३७५ दिला आहे. हा प्रामाणिकपणा सगळ्यांनी दाखवायला हवा.

काशीगावातून दहिसर नाक्याकडे निघालेल्या गाडीला यातले काहीच लागू पडत नाही. रांगेत सरकताना हवेचा विरोध नगण्य असतो. वीज खर्ची पडते ती वातानुकूलनात आणि पुन्हा पुन्हा वेग घेण्यात, आणि ब्रेक लावताना त्यातली काही बॅटरीत परत येते. कोंडीत सेडान आणि क्रॉसओव्हर जवळपास सारखेच. उलट पावसाळ्यात उंच पोटाचा फायदा रोज दिसतो. मीरा-भाईंदरची बरीच जमीन सखल आहे, बाजूला खाडी आणि मिठागरे, त्यामुळे जोराच्या सरीत पाणी साचते. टिगोर आणि नेक्सॉनच्या बॅटऱ्यांना आयपी ६७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. पण त्याचा अर्थ गाडी पाण्यात घालावी असा नव्हे. पाण्याखाली लपलेला खड्डा किंवा बेढब गतिरोधक बॅटरीच्या खालच्या पत्र्याला लागतो, आणि बॅटरी हा गाडीतला सर्वांत महाग भाग आहे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना उंच बैठक सोयीची पडते, हेही घरात बोलले जातेच.

क्रॉसओव्हर अडतो तो पार्किंगमध्ये. नव्या इमारतींतल्या यांत्रिक स्टॅक पार्किंगच्या कप्प्यांना उंची आणि वजन दोन्हींची मर्यादा असते, आणि अनेक ठिकाणी सेडानचे कप्पे वेगळे असतात. सीलची उंची १,४६० मिलिमीटर, सीलायनची १,६२०. वजनाने दोन्ही दोन टनांच्या वर, त्यामुळे इथे बुटकी गाडीही निर्धास्त नाही. वरच्या कप्प्यात चार्जिंगची वायर कशी पोहोचणार, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत आधीच सोडवलेला बरा.

कर आणि टोल निवडीत मदत करत नाहीत. पेट्रोल गाड्यांसाठी जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये जमिनीपासून पोटाच्या १७० मिलिमीटर उंचीची अट घालून सेडान जास्तीच्या उपकरातून वगळल्या होत्या. विद्युत मोटारींना मात्र सरसकट ५ टक्के. दहिसरसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, तो पेट्रोलवाल्यालाही नाही. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून विद्युत मोटारींना टोलमाफी आहे, तीही बांधणी न पाहता.

निवड कमी करणारा आणखी एक घटक म्हणजे बाजारच. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले दालन उघडले ते मॉडेल वाय हा क्रॉसओव्हर घेऊन. टेस्लाची सेडान, मॉडेल ३, मागेच राहिली. चाकणच्या महिंद्राच्या नव्या विद्युत गाड्याही उंच बांधणीच्याच. मध्यम किमतीत सेडान शोधणाऱ्याला फारसे काही सापडत नाही.

मेट्रो ९ मार्गिकेच्या दहिसर पूर्व ते काशीगाव टप्प्यावर १४ मे २०२५ रोजी चाचणी धाव झाली. नोकरीची रोजची फेरी मेट्रोवर गेली, तर गाडी उरते ती सुट्टीतल्या लांबच्या प्रवासाला, आणि तिथे हिशेब सेडानच्या बाजूने फिरतो. सुरतेपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर वारंवार करणारे व्यापारी कुटुंब, ऐपत असेल तर, सेडान घेऊन वीज आणि चार्जिंगचा वेळ दोन्ही वाचवील. बाकीच्यांसाठी, विशेषतः गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांत उघड्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी, चार मीटरच्या आतला छोटा क्रॉसओव्हर अधिक व्यवहार्य. दोघांनीही बुकिंगची रक्कम भरण्याआधी पार्किंगच्या कप्प्याची उंची आणि वजनमर्यादा सोसायटीकडून लेखी घ्यावी.