अण्णासाहेबांना पदे कशी सुचली?

पद सुचेनासे झाले म्हणजे कवी नवी चाल धुंडीत बसतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचा मार्ग निराळा होता. १८८० साली पुण्यात पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना मराठी संगीत नाटकाची स्फूर्ती झाली. परंतु नुसत्या स्फूर्तीने लेखणी चालत नाही. त्यांनी कीर्तनातील साकी-दिंडी आणि कानडी पदांच्या चाली जवळ केल्या व त्यांत कालिदासाची कथा ओविली. चाल ओळखीची असली म्हणजे शब्दांना वाट सापडते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतला’चे चार अंक रंगभूमीवर आले, १८८२ साली ‘सौभद्र’ आले. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले आणि ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. आयुष्य असे तोकडे असते. म्हणून होतकरू पदकर्त्यांनी स्फूर्तीची वाट पाहत न बसता कानांत घोळणारी जुनी चाल गुणगुणावी.