सोपं, मध्यम की अवघड?

इथे अमिरातीत जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४५च्या वर जातो आणि मुलं दिवसभर घरात अडकतात. मग व्हिडिओ गेम. त्यांतला एक प्रकार असा, की आपण एखाद्या योद्ध्याची किंवा जादूगाराची भूमिका घ्यायची आणि शत्रूशी बुद्धिबळासारखं आळीपाळीने लढायचं. २०२३चा 'बाल्डर्स गेट ३' हा त्यातलाच. यात एकही शत्रू दिसायच्या आधी यंत्र विचारतं : सोपं, मध्यम की अवघड?

मला हा प्रश्न नेहमीच उलटा वाटत आलाय. अजून मैदान पाहिलं नाही, आणि पैलवानाने आपलं वजन स्वतःच सांगायचं!

आपल्याकडे हे कधी खेळाडूला विचारतच नाहीत. धाकटं भावंडं खेळायचा हट्ट करतं, मग मोठी पोरं जाहीर करतात, "हा कच्चा लिंबू!" तो पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही. बहुतेक कच्च्या लिंबांना आपण लिंबू आहोत हे कळायलाच एखादं वर्ष जातं. (कळलं की मग रडारड.)

याहून काटेकोर पद्धत नवव्या शतकातल्या बगदादमध्ये होती. खलिफांच्या दरबारी शतरंज खेळणारा अल्-अदली नावाचा उस्ताद होता. त्याचं पुस्तक हरवलं, पण त्यातला मजकूर पुढच्या हस्तलिखितांत टिकला. त्या काळी खेळाडूंचे पाच दर्जे मानत. सगळ्यात वरचे 'आलियात', म्हणजे उच्च. असे एका वेळी फार तर दोन-तीनच असत. दुसऱ्या दर्जाच्या खेळाडूशी बसताना आलियात स्वतःचं एक प्यादं आधीच उचलून ठेवी. तिसऱ्याला फरझान, चौथ्याला घोडा, पाचव्याला हत्ती. फरझान म्हणजे आपला वजीर, पण तेव्हा तो बिचारा तिरपं एकच घर चाले, म्हणून घोड्यापेक्षा स्वस्त.

आणि दर्जा ठरवायचा कसा? ज्याचा दर्जा माहीत आहे अशा माणसाशी दहा डाव खेळायचे. सात किंवा जास्त जिंकलात, तर तुम्ही त्याच्या वरचे. "मी चांगला खेळतो हो" याला किंमत शून्य. मला यातली आणखी एक गोष्ट आवडते : हत्ती काढून ठेवलेला उस्ताद उरलेल्या सोंगट्यांनी जीव तोडून खेळतो. संगणकावरचं बुद्धिबळ सोप्या पातळीवर मधूनच मुद्दाम घोडा फुकट देतं. जिंकल्याचा आनंद तिथेच संपतो.

व्हिडिओ गेमवाल्यांनी बरेच मार्ग चोखाळले. जपानमध्ये १९९१ साली 'फायनल फँटसी ४' आला आणि त्याच वर्षी त्याची सोपी आवृत्ती वेगळी विकायला आली. म्हणजे दर्जा दुकानातच ठरवा! १९९७च्या 'फॉलआउट'मध्ये लढाईची काठिण्यपातळी निराळी निवडता येई. तिथल्या सगळ्यात सोप्या पातळीचं नावच 'भित्रट' अशा अर्थाचं होतं. मुद्दाम कोण निवडणार?

अल्-अदलीची शिडी पुन्हा आठवायला कारण झालं ते अबुधाबीचं एक यंत्र. 'हायड्रा' हा बुद्धिबळाचा संगणक तिथल्या 'पाल' समूहाच्या पैशांतून उभा राहिला. त्याचा मुख्य रचनाकार ऑस्ट्रियाचा. जून २००५मध्ये लंडनला इंग्लंडचा ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्स त्याच्याशी सहा डाव खेळला. ॲडम्स तेव्हा जगातल्या पहिल्या दहांत होता. सवलत मागितली नाही, दिली नाही. निकाल साडेपाच-अर्धा! दुसरा डाव बरोबरीत सुटला, बाकी पाच हायड्राचे.

मग दोनच वर्षांत, २००७मध्ये, 'रिब्का' या बुद्धिबळ प्रोग्रामने ग्रँडमास्टर यान एह्ल्वेस्टशी आठ डाव खेळताना प्रत्येक डावाला आपलं एक प्यादं आधीच काढून ठेवलं, दर वेळी वेगळं. एका ग्रँडमास्टरने आपण दुसऱ्या दर्जाचे आहोत हे पटावर बसून मान्य केलं होतं, आणि त्यात मला काहीच कमीपणा दिसत नाही. रिब्काने साडेपाच-अडीच असा सामना जिंकला. दहा डावांच्या हिशेबात ते सातच्या जरासं खाली येतं. बगदादचा उस्ताद पटाशेजारी असता, तर एह्ल्वेस्टला दुसऱ्या दर्जातच ठेवायचं की फरझानवाल्यांच्या रांगेत बसवायचं, यावर त्याने आणखी दोन डाव मागितले असते.