मेरुरज्जू आणि चालण्याची लय : एका उपेक्षित सिद्धान्ताचा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स शेरिंग्टन यांनी चालण्याची क्रिया ही मुख्यतः पायांतून येणाऱ्या संवेदनांनी घडणारी प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी मानली होती. त्यांच्याच प्रयोगशाळेतील थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये या मताला छेद दिला. मांजराच्या मेरुरज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडल्यावर आणि पायांकडील संवेदी चेतातंतू छेदल्यावरही स्नायूंचे लयबद्ध आकुंचन त्यांना आढळले. परस्परांना रोखणारी दोन चेताकेंद्रे पाय दुमडणारे व ताणणारे स्नायू आळीपाळीने चालवितात, असे प्रतिपादन त्यांनी केले.

शेरिंग्टन यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले; ब्राउन यांचा सिद्धान्त मात्र सुमारे अर्धशतक दुर्लक्षित राहिला. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये आंडेर्स लुंडबर्ग यांच्या गटाने त्यास प्रायोगिक पुष्टी दिली.

या इतिहासाचे महत्त्व रुग्णाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. मेरुरज्जूला इजा झाल्यावर इजेखालील चेतामंडले बहुधा शिल्लक राहतात; खंडित होते ते मेंदूचे नियंत्रण. त्यामुळे पक्षाघाताबरोबर स्नायूंचा ताठरपणाही उद्भवतो. शरीराला आधार देऊन सरकत्या पट्ट्यावर पावले टाकण्याचा सराव आणि मेरुरज्जूचे विद्युत् उत्तेजन या उपचारांची भिस्त याच शिल्लक मंडलांवर आहे. १९११ मधील उपेक्षित निष्कर्ष अशा रीतीने पुनर्वसनाचा पाया ठरला.