मराठवाड्यातील जुनी मोटार : घरगुती जीर्णोद्धार आणि ऐतिहासिक साधनाचा प्रश्न

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत देवालयांच्या संदर्भात रूढ झालेला आहे. औंढा नागनाथ येथील देवालयाचा तळभाग यादवकालीन शिल्पाचा असून शिखर पुष्कळ नंतरच्या काळातील आहे. परंतु मूळ रूप साधावे म्हणून हे शिखर उतरवून टाकावे, असे कोणी अभ्यासक सुचविणार नाही. नंतरची भरही त्या वास्तूच्या इतिहासाचा भाग होय, हे आता सर्वमान्य आहे. जुन्या मोटारगाडीच्या बाबतीत मात्र हा विवेक अद्याप रुजलेला दिसत नाही. घराच्या पडवीत किंवा अंगणातील छपराखाली एखादी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी चालती करू पाहणारा हौशी गृहस्थ बहुधा एकाच ध्येयाने काम करतो : गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी झाली पाहिजे. हे ध्येय समजण्याजोगे आहे. तथापि नांदेड आणि लातूर ह्यांसारख्या शहरांच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासाठी ह्या भागातील मोटारीचा इतिहास थोडा मागे जाऊन तपासणे आवश्यक आहे.

जुन्या मोटारींचा छंद म्हटला की संस्थानिकांचे वाहनसंग्रह डोळ्यांसमोर येतात. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातील पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ही गाडी सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्यासाठी मागविण्यात आली. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे ती केवळ समारंभाच्या प्रसंगी, तीही फार थोडी, वापरली गेली. अशा गाडीचे मूळ रूप शोधणे सोपे असते, कारण तिने श्रम असे केलेलेच नाहीत. मराठवाड्यातील जिल्ह्यांत ज्या गाड्या धावल्या त्यांची कथा ह्याच्या अगदी उलट आहे. त्या चालत राहिल्या, मोडल्या, दुरुस्त झाल्या, आणि दुरुस्त होताना बदलत गेल्या.

संस्थानी काळात खाजगी मोटार बाळगणारा वर्ग फार लहान होता : जहागीरदार, वरिष्ठ अधिकारी, मोठे वकील, कापसाचे व सरकीचे व्यापारी. यांत्रिक वाहतुकीचे ज्ञान जिल्ह्यांत पसरले ते मुख्यतः सार्वजनिक वाहतुकीच्या द्वारे, असे मानण्यास जागा आहे. निजाम सरकारच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये आपला मार्ग परिवहन विभाग सुरू केला तेव्हा त्याच्यापाशी २७ बसगाड्या व १६६ नोकर होते. रेल्वे आणि रस्ता ह्यांचा कारभार एकाच व्यवस्थेखाली ठेवण्याचा हा प्रयोग त्या काळी लक्षणीय होता. गाडी म्हटली की तिच्यामागे कारखाना, सुटे भाग, फिटर आणि वंगण ह्यांची साखळी लागते; ती साखळी खाजगी मालकांच्या हौसेतून उभी राहणे शक्य नव्हते.

नांदेड आणि लातूर ह्यांच्यामधील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. नांदेड हे हैदराबाद-मनमाड ह्या मीटरगेज मार्गावरील स्थानक. त्याची एक दृष्टी हैदराबादकडे आणि दुसरी मनमाडमार्गे मुंबईकडे. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ पोहोचला आणि ही पेठ बार्शी-कुर्डुवाडी ह्या वाटेने ब्रिटिश मुलुखाला जोडली गेली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. लातूर निजामाच्या राज्यात. ह्या सीमेवर संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. तेव्हा मुंबई-सोलापूरकडून येणारा एखादा मोटारीचा भाग लातूरच्या मालकाच्या हाती पडेपर्यंत त्यावर अंतराचा, गेज बदलताना करावयाच्या चढ-उताराचा आणि जकातीचा असा तिहेरी भार पडत असे. एखादा भाग बाहेरून मागविण्यापेक्षा गावातच घडवून घ्यावा, हा कल अशा परिस्थितीत स्वाभाविक ठरतो. ह्या वृत्तीला आज ‘जुगाड’ असे थोडे हिणकस नाव मिळाले आहे. ते न्याय्य नाही. लोहार, सुतार व लेथवर काम करणारा कारागीर ह्यांनी टंचाईच्या परिस्थितीत दिलेले ते विचारपूर्वक उत्तर होते.

स्वातंत्र्योत्तर काळात ही टंचाई संपली नाही. तिचे कारण तेवढे बदलले. १९४९ मध्ये पूर्ण बांधणीच्या मोटारींची आयात बंद झाली. १९५३ च्या प्रशुल्क आयोगाच्या अहवालानंतर, ज्यांच्यापाशी भारतात उत्पादन करण्याची योजना नव्हती अशा जुळणी करणाऱ्या कंपन्यांना जागा उरली नाही. मुंबईत १९२८ पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स आणि तिच्याबरोबर फोर्ड, ह्या दोघींनीही १९५४ पर्यंत आपले काम आवरले. ह्याचा एक परिणाम सहसा उल्लेखिला जात नाही. ज्यांच्या दारात शेव्हर्ले किंवा फोर्ड उभी होती त्यांच्या गाड्या एका धोरणाने निराधार झाल्या. नवा भाग मिळण्याची वाट जवळजवळ बुजली. बाजारात राहिल्या त्या मुख्यतः हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्या, सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातील फियाट, मद्रासची स्टँडर्ड आणि महिंद्रांची जीप. मोटारींचे वितरण व विक्री ह्यांवर १९५९ च्या आदेशाने नियंत्रण आले. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून जी हाती आहे ती टिकविणे हा ग्रामीण आणि निमशहरी मालकाचा नित्यधर्मच झाला. आजची हौस ह्या नित्यधर्माची वारस आहे. राजवाड्यातील संग्रहाची नव्हे.

ह्या पार्श्वभूमीवर एखादी जुनी गाडी उघडली असता ती कागदाच्या दप्तराइतकी बोलकी ठरते. प्रथम तिचे कागद घ्यावेत. संस्थानी काळातील पावती वा परवाना असेल तर तो बहुधा उर्दूत, तारीख फसली सनाची आणि रक्कम हाली सिक्क्यात असण्याची शक्यता मोठी. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळविल्यावाचून इसवी सन हाती येत नाही, आणि हाली सात रुपये हे सरकारी सहा रुपयांच्या बरोबरीचे होते, हे माहीत नसेल तर गाडीच्या किमतीविषयी चुकीचा समज होतो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्यापूर्वीची लातूरच्या गाडीची नोंद उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, दप्तरात शोधणे क्रमप्राप्त आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ मध्ये अमलात आला, आणि लातूरची एमएच २४ व नांदेडची एमएच २६ ही आजची ओळख त्यानंतरची. एकच गाडी, पण तिच्या कागदांवर चार राजवटींच्या मुद्रा असू शकतात.

कागदांहून अधिक विश्वसनीय साक्ष धातूची. इंजिनाचे सिलिंडर झिजले की ते बोअर करून किंचित मोठ्या मापाचे पिस्टन घालतात. त्या पिस्टनच्या माथ्यावर २०, ४०, ६० असे आकडे ठोकलेले आढळतात. हे इंचाच्या सहस्रांशाचे माप होय. साठचा आकडा दिसला की ते इंजिन साधारणतः तीन वेळा तरी उघडले गेले असावे, असे अनुमान करता येते. अर्थात मधली एखादी पायरी गाळली गेली असण्याचा संभव विसरता कामा नये. ॲम्बॅसेडरच्या अगदी आरंभीच्या गाड्यांत साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते आणि १९५९ च्या सुमारास त्याची जागा १४८९ घन सेंटिमीटरच्या ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिनाने घेतली. १९५८ च्या गाडीत हे दुसरे इंजिन सापडले तर ती विसंगती नव्हे, दुरुस्तीची नोंद आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याची चाल पडली. त्यासाठी वेल्डिंग करून हलविलेले इंजिनाचे पाय सांगाड्यावर स्पष्ट दिसतात. ॲम्बॅसेडरचे बोल्ट इंची मापाचे, फियाटचे मेट्रिक. इंची गाडीत एखादा मेट्रिक बोल्ट आटे पाडून बसविलेला दिसला तर त्या वेळी दुकानात काय मिळत होते आणि काय नव्हते ते कळते. रंगाचेही तसेच. दाराच्या कडेला बारीक कागदाने हळूहळू घासत गेल्यास रंगांचे थर उत्खननातील स्तरांप्रमाणे एकाखाली एक उलगडतात.

हौशी जीर्णोद्धारकाच्या हातून नेमके हेच पुरावे पहिल्या आठवड्यात नाहीसे होतात. पत्रा उघडा पडेपर्यंत रंग काढला जातो, पिस्टन भंगारात जातात, जुने बोल्ट डब्यात एकत्र होतात. ह्यात त्याचा दोष मर्यादित आहे. हे पुरावे आहेत असे त्याला कोणी सांगितलेले नसते. खरे पाहता काम करण्याची जी चांगली पद्धत आहे तीच संशोधनालाही उपयोगी पडणारी आहे : प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र, काढलेल्या भागाला चिठ्ठी, आणि रोजच्या कामाची वही.

स्थानिक परिस्थितीमुळे ह्या कामाचे स्वरूप पुण्या-मुंबईपेक्षा वेगळे होते. समुद्राची खारी हवा नसल्यामुळे पत्रा तुलनेने बरा टिकतो. गंज येतो तो रबरी चटयांखाली व दारांच्या तळाशी, जेथे पावसाचे पाणी आणि काळ्या मातीची धूळ मिळून चिखल धरून ठेवतात. उन्हाळ्याने रबर तडकते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन आवळून बसते. प्लगच्या छिद्रांतून रॉकेल व तेल सोडून काही दिवस वाट पाहावी आणि मग हाताने हॅण्डल फिरवून पाहावे, हा जुना उपाय अद्याप सर्वांत निर्धोक आहे. बॅटरी लावून एकदम स्टार्टर मारण्याची घाई अनेक इंजिनांना भोवते. पाण्याचा प्रश्न विशेष. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो आणि इंजिन तापते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा शहरात रेडिएटरसाठी शुद्ध पाणी राखून ठेवणे ही चैन वाटेल, पण ती टाळली तर दुरुस्तीचा खर्च पुन्हा करावा लागतो.

इंधनाची बाब याहून गंभीर. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु जुन्या बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचा जो आधार होता तो गेला, आणि कठीण धातूच्या बैठकी बसविणे हा आता जाणकार दुरुस्तीचा भाग झाला आहे. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे पडदे व बुचाची गॅस्केटे खराब करते. नांदेड-लातूरचा प्रदेश उसाचा आणि साखर कारखान्यांचा. येथील शेतकऱ्याला ज्या इथेनॉलपासून दोन पैसे अधिक मिळण्याची आशा आहे, त्याच इथेनॉलपासून त्याच्या वडिलांची फियाट जपावी लागते.

आता नियमांकडे वळावे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्राचीन वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. ज्यांची नोंदणी आधीच झालेली आहे त्यांना मूळ क्रमांक राखता येतो. ह्या तरतुदींचे स्वागतच केले पाहिजे. अडचण आहे ती व्याख्येत. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिचा सांगाडा, बांधणी वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी ती व्याख्या आहे. ही कसोटी राजवाड्यातील सिल्व्हर घोस्ट सहज उतरेल. डिझेल इंजिन बसविलेली लातूरची जीप मात्र अडखळेल, जरी ते इंजिन पन्नास वर्षांपूर्वी बसविलेले असले आणि ती जीप त्याच्यावरच बहुतेक आयुष्य चालली असली तरी. परिणामी मालकासमोर दोनच वाटा उरतात : झालेला फेरफार काढून कुठून तरी मूळ इंजिन पैदा करणे, किंवा नोंदणीचा विचार सोडून देणे. पहिल्या वाटेने गाडी नियमात बसते आणि तिचा इतिहास पुसला जातो.

ज्यांनी हे फेरफार केले त्या मिस्त्रींपैकी फारच थोड्यांची नावे कोणत्या कागदावर असतील. त्यांपैकी जे हयात आहेत ते वृद्ध झाले आहेत. कोणत्या गाडीत कोणता भाग कशाच्या जागी घातला, तो कोठून आणला, लेथवर कोणी कातला, ह्या गोष्टी त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्या मुलाखती गाडी उघडण्याच्या आधी, शक्यतो गाडीच्या शेजारीच, घेतल्या जाव्यात. काढलेले भाग विकण्याऐवजी चिठ्ठी लावून ठेवले तर मूळ इंजिन बसविलेल्या गाडीबरोबरही तिचे मधले आयुष्य शाबूत राहील. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर येण्याची मुभा दिली आहे : प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे, देखभाल, आणि तांत्रिक संशोधन.